पेंढ्याचा गोठा

ये, जवळ ये सई. आणि जवळ ये म्हटलं की फोन नाकाशी धरतेस, तसं नव्हे. तशी तू मला रोज दिसतेस. कधी नुसतं कपाळ, कधी नुसती हनुवटी. मध्येच तोंड उघडं ठेवून थिजतेस आणि मी इकडे "हॅलो, हॅलो" करत बसते. खोडदच्या त्या मोठाल्या दुर्बिणींना आभाळापलीकडचं ऐकू येतं म्हणतात. आमच्या फोनला मुंबईतली नात ऐकू येत नाही. म्हणून लिहायला बसले. मी काही शाळेत फार शिकलेली नाही, वाचून वाचून हात वळला आहे. तेव्हा शुद्धलेखन काढत बसू नकोस. पाय पोटाशी घे आणि नीट ऐक.

परवा तू त्या मुंबईच्या म्युझियममधले फोटो पाठवलेस. वाघ, गेंडा, कसले कसले पक्षी, आणि काचेमागची ती गव्याची मादी, पायाशी तिचं पिल्लू. खाली लिहिलंस, "धाकटी आजी, हे थोरल्या आजीनं बघायला हवं होतं ना? बाबांनी तिला कधी आणलं होतं का गं इथं?" आणि वर एक हसरं तोंड. अगं, विचारताना माणसानं जरा मागंपुढं बघावं. जी बाई त्या एका दाराची वाट बघत म्हातारी झाली, तिच्याबद्दल असं हसऱ्या तोंडानं विचारतात? पण तुझी तरी काय चूक. तुला कोणी सांगितलंच नाही. मी सांगते. तुझ्या बापाला दाखवायचं असेल तर खुशाल दाखव.

तुझी थोरली आजी म्हणजे माझी थोरली जाऊ. तोंडावर आम्ही तिला "बाई" म्हणायचो, अहो-जाहो करायचो. पण गेलेल्या माणसाला देवासारखं एकेरीत बोलवावं, म्हणून आता ती. गावात तिचं नाव "दाभण". तिच्या अंबाड्यात आकडे नसायचे, दाभण असायचा. पोती शिवायचा, वीतभर लांब, टोकाशी चपटा. त्याच दाभणानं ती धान्याची पोती शिवायची, त्यानंच पोरांच्या पायातला बाभळीचा काटा काढायची, आणि त्यानंच मेलेलं रेडकू शिवायची. जीभही त्याच लोहाराकडून करून आणलेली.

रेडकू शिवायची म्हणजे काय, ते तुला कळायचं नाही. म्हैस व्याली आणि रेडकू मेलं, की म्हैस पान्हा चोरते. कास दगडासारखी होते, पण थेंब सोडत नाही. नुसती हंबरत राहते. मग जुनी रीत अशी, की त्या मेलेल्या रेडकाचंच कातडं काढायचं, मीठ आणि राख चोळून उन्हात वाळवायचं, आत भाताचा पेंढा भरायचा, पोटाखालून शिवायचं आणि म्हशीपुढं उभं करायचं. पाठीवर मिठाचं पाणी मारायचं. म्हैस हुंगते, चाटते, आणि चाटता चाटता पान्हा सोडते. खाली आपण बादली लावायची. आता तुझ्या अंगावर काटा आला असेल. येऊ दे. त्या दुधाचा चहा आम्ही सगळे प्यायचो.

हे काम पूर्वी वेशीबाहेरचे एक म्हातारेबाबा करायचे. ते वारले, आणि नेमकं त्याच हंगामात बाईच्या म्हशीचं रेडकू मेलं. थोरले भाऊजी आधीच गेलेले, पदरी तुझा बाप लहान, घर दुधावर चाललेलं. बाईनं पदर खोचला, विळी घेतली आणि गोठ्यात जाऊन स्वतः सोललं. आमच्या सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. "आगं, आपल्या जातीत कुनी केलंय का ह्ये?"

"कातडं सोलाया हात लागत्यात मामंजी," ती म्हणाली. "जात कुठं लागती?"

त्या दिवसापासून आळीतल्या बायका तिला शिवून घेईनात. पंगतीत तिच्या शेजारचा पाट मोकळा राहायचा. पण कुणाची म्हैस अडली की त्याच घरातला माणूस अंगणात येऊन उभा. "बाई, जरा येता का, रेडकू गेलं." तिला शिवायचं नाही, तिनं शिवलेलं मात्र चालायचं. ती जायची. काम झालं की तिला पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. ती ते घटाघटा प्यायची आणि मालकिणीनं धारेची बादली उचलली की मोठ्यानं विचारायची, "दुधाला इटाळ न्हाई ना गं झाला? बघ बाई, माझा हात लागलाय." मालकीण खाली बघायची. दूध डेअरीला जायचं.

दयामाया असली वस्तू तिनं कधी वापरायला काढली नाही. एकदा पलीकडच्या वाडीत नवी सून रेडकासाठी मुसमुसत बसली होती. बाई दाभणात सुतळी ओवता ओवता म्हणाली, "तू कशापायी रडती? तुला च्याला दूध पायजेल. रडायचा हक्क म्हशीचा हाय, आन् त्योबी आपन आता काढून घेनार." पोरगी पदरानं डोळे पुसून बादली आणायला उठली. असं बोलून झालं की बाईला भूक लागायची. घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खायची.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "डोळा फसतो, जीब फसती, नाक न्हाई फसत." म्हणून दुसऱ्या रेडकाचं कातडं चालत नाही, त्याच म्हशीच्या पोटचं लागतं, असं ती सांगायची. मी तेव्हा मान डोलवायची. त्या वाक्यात आणखी काही आहे हे मला फार उशिरा कळलं.

आता माझं सांगते. हे मी तुझ्या आईलाही कधी सांगितलेलं नाही. मला एक मुलगी झाली होती, आठवड्याच्या आत गेली. पोर गेली तरी छातीला ते कसं कळणार? अंग तापलं, छाती दगड झाली, चोळी भिजायची आणि मी भिंतीकडं तोंड करून पडायची. घरातले सगळे दबक्या आवाजात बोलत. बाई आली ती दारातूनच ओरडत. जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, दूध आटावं म्हणून मोगऱ्याच्या कळ्या आत घातल्या, पाठीला गुडघा लावून अशी करकचून बांधली मला की श्वास घेता येईना. मी किंचाळले. तर म्हणते काय, "वरडू नको. म्हशीला आमी पेंढा भरून देतो. तुला कोन देनार?"

असं बोलतं का गं कुणी? सासूबाईंनीसुद्धा कानावर हात ठेवले. पुढं मला मूल झालं नाही. आणि पुढची कितीतरी वर्षं ते वाक्य माझ्या उशाला होतं. एका चुलीवर स्वयंपाक केला आम्ही, एका ताटात जेवलो, पण मी तिला मनातून क्षमा केली नव्हती. तिला त्याची फिकीर नव्हती. "तोंड पाडून कालवन गोड व्हत न्हाई," एवढंच म्हणायची.

तुझा बाप घोडेगावला शिकला, मुंबईला चिकटला. एका दिवाळीला आला तेव्हा तुझी आई नवी नवरी होती. सगळे चुलीभोवती बसलो होतो आणि बायकोपुढं जरा गंमत करावी म्हणून तो म्हणाला, "आई, तुझी कला तिकडं मुंबईत काचेत ठेवलीय. म्युझियम आहे मोठं. वाघ, गेंडा, हरणं, सगळी पेंढा भरलेली."

"सगळी?" बाईनं भाकरी उलटली. "किती असतील?"

"हॉलच्या हॉल भरलेत."

"मंजी पेंढ्याचा गोठाच की! आन् धार कोन काढतं?"

"धार कसली, आई? लोक तिकीट काढून बघायला येतात. एका काचेत तर गव्याची मादी आहे, शेजारी तिचं पिल्लू, अगदी चाटतेय असं."

"ती आय तर जित्ती असंल?"

"नाही गं! तीही भरलेली. आई, पिल्लू, दोन्ही."

बाईचा हात तव्यावर थांबला. भाकरी करपायला लागली. "दोघंबी पेंढ्याची?" ती म्हणाली. "मग फसतंय कोन?"

तुझा बाप मांडीवर थाप मारून हसला. तुझी आई तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले. ती हसली नाही. तिला तो प्रश्न चावला तो चावलाच. जेवणं होऊन भांडी घासली तरी ती तिथंच. शेवटी म्हणाली, "सुभाष, मला ने रं. मला बघायचंय त्ये."

"नेतो की. मे महिन्यात नेतो."

तू म्हणशील, एवढं काय त्यात? त्या बाईनं जन्मात स्वतःसाठी काही मागितलेलं मी पाहिलेलं नाही. लुगडं मागितलं नाही, देवदर्शन मागितलं नाही. हे एकच मागितलं. आणि तुझ्या बापाला कळलं, की आईला हवी अशी एक वस्तू आपल्या हातात आहे.

मग मे आला, गेला. मग दिवाळीनंतर. मग ऑफिसातून रजा मिळाली की. मग तुझा जन्म झाला आणि सई जरा मोठी झाली की. तो यायचा, पाय धुवायच्या आधी म्हणायचा, "आई, या खेपेला नक्की म्युझियम," आणि जाताना गाडीत तुपाची बरणी, इंद्रायणी तांदळाचं पोतं, खरवसाचा डबा. बाईनं स्वतःच्या भाकरीवर कधी तूप घेतलं नाही. घेतलं तर तुझ्या बापाची बरणी अर्धवट दिसली असती.

तुझ्या बारशाला तिला बोलावलं नाही. "गर्दी आहे आई, तुला करमायचं नाही. निवांत ये नंतर, म्युझियमही बघू." तुझा फोटो पाठवला, चांगला कागदावर काढलेला. बाईनं तो डोळ्यांपुढं धरला नाही. नाकाशी नेला, हुंगला. "कागुद," म्हणाली आणि माझ्या हातात दिला. मग उठून लोणी कढवायला घेतलं. दुसऱ्या दिवशी नारायणगावच्या एका ट्रकवाल्याबरोबर तुमच्याकडं तूप आलं असेल. तू त्या तुपावर वाढलीस.

आणि तिची तयारी चाललेली. हिरव्या काठाचं लुगडं ट्रंकेत वेगळं काढलेलं, त्याला वर्षातून एकदा ऊन दाखवायची. नव्या चपला आणल्या, त्या चावू नयेत म्हणून गोठ्यात घालून फिरायची. मुंबईहून कुणीही आलं की त्याला धरायची. काच उघडते का? जवळ जाऊ देतात का? टाके कुठं असतात, पोटाला का पाठीला? लोक तिला टाळायला लागले. "सकाळच्या गाडीनं घोडेगाव, तितनं नारायणगाव, म्होरं कल्यानची येष्टी, म्होरं सुभाष," असं ती धार काढताना म्हणायची, कुणी आरती म्हणावी तसं. मला म्हणायची, "तूबी चल. तुला येकटीला मागं ठिवली तर चुलीत पडशील." तिच्या तोंडून एवढं माहेरपण पुष्कळ झालं.

डेअरीवर तर रोज तमाशा. तिथं बबन म्हणून एक होता, माप घालायचा, त्याला सकाळचा चहा हिच्या चेष्टेशिवाय पचायचा नाही.

"काय दाभणबाई, मुंबई कधी? तुमच्यासाटी येक काच रिकामी ठिवलीय म्हनत्यात तिथं!"

"मला उभी करायची तर पेंढा भरावा लागंल बबन. तू जा. तुझ्यात आयता भरल्याला हाय."

"आन् वाघ बघून भ्याला मंजी?"

"वाघ बघाया मुंबईला कशाला जाऊ? त्यो तर तुझ्या उसात बसतो, फुकाट. परवा तुझं कुत्रं नेलं, तवा तू माळ्यावर चढून बसला व्हतास म्हनं."

सगळे हसायचे. पण हसून झालं की बबन हळूच म्हणायचा, "पोरगा न्हेनार हाय का पर खरंच?" आणि बाई कॅनचं झाकण इतक्या जोरात लावायची की दूध उसळून त्याच्या अंगावर.

मग तुझा बाप म्हणाला, "आई, म्हशी असल्यावर तू निघणार कशी? धार कोण काढणार? म्हशी काढून टाक एकदाच्या. मग महिनाभर ये माझ्याकडं, रोज म्युझियम बघ." मला तेव्हाच खटकलं. पण बाईनं एकेक म्हैस बाजारात धाडली. शेवटची चंद्री. ती टेम्पोत चढेना, चौघांनी ढकलली. बाई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती, मान वर केली नाही. टेम्पो वळणावर गेल्यावर म्हणाली, "लई माजली व्हती." मग निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

दिवस ठरला रविवारचा. तुझा बाप गाडी घेऊन नारायणगावला हमरस्त्यावर येणार, आम्ही दोघींनी तिथं थांबायचं. बाईनं हिरव्या काठाचं लुगडं नेसलं. अंबाड्यात दाभण. फडक्यात धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी, "पोरगी खाईल" म्हणून गुळाचा खडा. जीपमध्ये ती खिडकीशी बसली आणि प्रत्येक चढणाऱ्याला आपण होऊन सांगितलं, "मुंबईला चाललोय." तिला स्वतःहून कुणाशी बोलताना मी त्या दिवशी प्रथम पाहिलं.

आम्ही चहाच्या टपरीपुढं बाकड्यावर बसलो. समोरून टोमॅटोचे ट्रक चाललेले. प्रत्येक पांढरी गाडी आली की ती अर्धी उठायची. ऊन डोक्यावर आलं. मग माझा फोन वाजला. तोंड दिसणारा फोन.

"सरप्राइज, आई!" तुझा बाप ओरडला. मागं लखलखीत दिवे, माणसांचा कालवा. "ओळख कुठं आहे मी! अगं, अचानक हिच्या भावाकडची सगळी आली, गाडी भरली. म्हटलं तुला कशाला एवढी दगदग? इथं मैलभर चालायला लागतं, तुझे गुडघे बघ. मी तुला सगळं फोनवरच दाखवतो. बसल्या जागी!"

मागून कुणीतरी बाईमाणूस हसलं. आणि त्याच्या खांद्यावर, सई, तू होतीस. झालरीचा पिवळा फ्रॉक. तू त्या म्युझियममध्ये परवा पहिल्यांदा गेली नाहीस. तुला आठवत नाही इतकंच. "आजी, हाऽय!" असं म्हणालीस.

बाईनं फोन दोन्ही हातांत घेतला. त्यानं वाघ दाखवला, गेंडा दाखवला, भराभरा, वरात दाखवावी तसा. मग ती गव्याची काच आली. "हे बघ, हे बघ तुझं आवडतं." बाईनं फोन जवळ नेला, आणखी जवळ, अगदी नाकाशी. टपरीवाला बघायला लागला. "टाका दाव रं," ती म्हणाली. "पोटाखालचा."

"काच आहे, आई. आत कसं जाणार?"

मग चित्र थिजलं. त्या गव्याच्या मादीचं तोंड तसंच राहिलं, पुढं पिल्लाची पाठ. मग तेही गेलं.

माझा संताप संताप झाला. मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर आवाज चढवला. "बाई, इतकी वर्सं फसवलं त्यानं तुमाला! तारखा देऊन देऊन तूप न्हेलं, म्हशी घालवल्या. तुमाला कळत कसं नव्हतं?"

तिनं अंबाड्यातला दाभण काढला, डोकं खाजवलं, परत खोचला. म्हणाली, "म्हशीला कळत न्हाई, असं वाटतं व्हय तुला?"

मी तिच्या मांडीवरचा फोन उचलून पिशवीत टाकला.

"पैल्या हुंगन्यात कळतं तिला. मी येवढी शिवली, येकबी म्हस फसली न्हाई. नाक फसत न्हाई, सांगितलं व्हतं ना तुला? कायबी डोक्यात ऱ्हात न्हाई तुझ्या."

"मग पान्हा का सोडती?"

"कास फुटाया आल्याली असती. कुनाला तरी द्यायचंच असतं तिला. म्होरं पेंढा तर पेंढा." मग ट्रकांकडं बघत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुला तवा बांधली, ती घट्ट बांधावी लागली. तुझ्याम्होरं पेंढाबी नव्हता."

टपरीवाल्यानं विचारलं, आज्जी, च्या ठेवू का. ती उठली. धपाट्यांचं फडकं त्याच्या कुत्र्यापुढं सोडलं, गुळाचा खडा मात्र कनवटीला ठेवला. "चल. टमाटी सस्तं दिसत्यात, घेऊन जाऊ."

परत येताना जीपमध्ये तीच माणसं. "काय आज्जी, मुंबई बघून आला पन?" एकानं विचारलं. "बघितली," ती म्हणाली. "तुझ्यावानीच हाय. बाहेरनं रंगवल्याली."

त्यानंतर तारखा संपल्या. दूधच नव्हतं, तर पेंढा कुणापुढं उभा करायचा? फोन यायचे, सणासुदीला. बाई फोन घ्यायची, "बरी हाय" म्हणायची, माझ्याकडं द्यायची. गोठा झाडायची मात्र रोज, रिकामा. हिवाळ्यात तापानं पडली. शेवटपर्यंत जीभ तशीच धारदार. मी पेज भरवत होते, तर म्हणते, "मला नीट जाळा गं. न्हाईतर सुभाष पेंढा भरून दारात उभी करायचा." मी हसले आणि पेज तिच्या हनुवटीवर सांडली. "हात मोडला का तुझा?" हे तिचं मला शेवटचं बोलणं.

तुझा बाप आला तोवर आमच्या ह्यांनी अग्नी दिला होता. दहाव्याला मात्र तो वेळेवर होता, पांढऱ्या कपड्यांत, घोड नदीच्या काठी. पिंड ठेवला. कावळे होते, उंबरावर चांगले रांगेनं बसलेले. एक खाली उतरेना. गुरुजी म्हणाले, काय राहिलंय त्यांचं, बोला. तुझा बाप हात जोडून म्हणाला, "आई, सईला खूप शिकवीन." कावळे बसलेले. "घर मोडणार नाही." बसलेले. "काकूला अंतर देणार नाही," म्हणजे मला. एका कावळ्यानं मान वळवली, बस. उन्हं चढली, लोकांना भुका लागल्या. मागून बबनचा आवाज आला, "मुझियमला न्हेतो म्हन की रं!"

काही जण फिसकन हसले. आणि तुझा बाप, सई, खरोखर म्हणाला. डोळे मिटून, हात जोडून, "आई, नेतो. म्युझियमला नक्की नेतो."

उंबरावरचा एक कावळा उडाला. सगळ्यांनी माना वर केल्या. तो नदी ओलांडून पलीकडं गेला.

शेवटी गुरुजींनी दर्भ घेतला, दोन पीळ दिले, चोच काढली, गवताचा कावळा केला आणि पिंडाला लावला. "शिवला, शिवला," सगळे म्हणाले आणि धोतरं झटकत उठले. मला तो शब्द ऐकून हसूच फुटलं. शेजारच्या बायकांनी चिमटे काढले, तरी थांबेना. नदीकाठी त्या दिवशी समोर पेंढ्याचं जनावर होतं आणि चाटणारंही कुणी नव्हतं. फसतंय कोण, हे विचारणारी तेवढी राखेत गेली होती.

आता तिचा दाभण माझ्या अंबाड्यात असतो. केस विरळ झालेत, सारखा घसरतो. शिवायला मात्र काही उरलेलं नाही. गावात आता जर्सी गायी आहेत, मशीन आहे. वासरू जन्मताच बाजूला नेतात, गायीला दाखवतही नाहीत. खोटंसुद्धा नाही. बबन परवा म्हणाला, "दाभणबाई असत्या तर काय म्हनाल्या असत्या वहिनी?" मी म्हटलं, तुझ्या तोंडावर दूध सांडलं असतं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर, नाही. तिला कधी आणलं नाही. तू ते फोटो पाठवलेस तेव्हा मी गव्याचा फोटो बोटांनी मोठा करून बघितला, पोटाखालचा टाका दिसतो का म्हणून. दिसला नाही. चांगला शिवलेला आहे, तिला आवडला असता.

तू रोज फोन करतेस. "आजी, पुढच्या महिन्यात नक्की येते," म्हणतेस. माझ्याकडून मसाला जातो, कुरडया जातात, गोधडी गेली. मी रागावत नाही. मला कळत नाही, असं मात्र समजू नकोस. मीही नाकाच्या जातीची आहे. तरी तू फोन केलास की मी उचलते, आणि दिवसभराचं साठलेलं तुझ्यापुढं ओतून टाकते. कुणाला तरी द्यायचंच असतं गं.

पण एकदा ये. नारायणगावला उतर, घोडेगावची जीप मिळते, पुढं कुणालाही विचार, दाभणाचं घर. भात झोडून झालाय, अंगणात पेंढ्याची गंजी रचलीय, तिला टेकून बसू. तुझा तो गुळाचा खडा बाईच्या कनवटीतून काढून मी डब्यात ठेवला होता. आता काळा पडलाय, खाऊ नकोस, नुसता बघ. येताना काही आणू नकोस, फोटो तर मुळीच नको. दारात आलीस की आधी तुला जवळ घेऊन हुंगीन, हसू नकोस तेव्हा. आणि पुढच्या महिन्यात म्हणू नकोस, सई. मी आटायच्या आत ये.